रुमालाखालची मूठ

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, खांद्यावर टाकायचा! हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही फिदीफिदी हसणार नाही.

माझा जन्म माधवनगरच्या एका मागावर झाला. जाड सूत, निळे काठ. म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात दलाली करणाऱ्या पीरमहंमदने मला विकत घेतलं आणि त्याच दिवशी कामाला लावलं. काम सौद्याचं. पूर्वी मेंढराचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक माझ्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. भोवती उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांना पत्ता लागत नसे. बोटं म्हणजे भाव, आणि मूठ म्हणजे 'हे विकायचं नाही'.

माण तालुक्यातल्या धोंडुबाईची मेंढरं पीरमहंमदच विकून देई. माझ्याखाली हात घालण्याआधी तो तिला बाजूला घेऊन विचारायचा, "आक्का, काय द्याचं, काय न्हाई द्याचं?"

"म्हाताऱ्या मेंढ्या दे, कोकरं दे. बिजाचा मेंढा न्हाई द्याचा," ती सांगायची. तो मेंढा गेला तर पुढच्या वर्षी कळपच वाढणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकदा परगावचा एक व्यापारी नेमका त्या मेंढ्यावर अडून बसला. पीरमहंमदने मूठ केली. व्यापारी माझ्याआड एकेक बोट उलगडायला बघत होता, घामाने मी ओला झालो, पण मूठ उघडली नाही. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली. रुमालाला छाती असते का, असले प्रश्न विचारू नका.

मग दिवस फिरले. भाव उघड पुकारले जाऊ लागले, फोनवर कळू लागले. झाकून केलेला सौदा वाईट, असं लोक म्हणू लागले. असेलही. त्यात गरीब माणसं नाडली गेलेली मी पाहिली आहेत. पण म्हणून मला मोटारसायकल पुसायला घ्यायचं? पीरमहंमदच्या नातवाने, झिशानने, घेतलं. ऑइलचे डाग अजून माझ्या काठावर आहेत. मला फार राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

अलीकडे बातमी आली, की आपलं सरकार एका परदेशाशी मुक्त व्यापाराचा करार करणार आहे. म्हणजे दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालावरचा कर कमी करायचा. त्या देशात मेंढरं उदंड. तिथलं गोठवलेलं मटण इथे बिनकराचं आलं, तर धोंडुबाईच्या मेंढरांना कोण विचारणार? तिची नात अपेक्षा शिकून गावी परतली आहे, कळप वाढवायचा म्हणते. धोंडुबाईच्या जिवाला तोच घोर लागला.

लोकांचं म्हणणं ऐकायला साताऱ्यात सभा भरली. धोंडुबाई निघाली. सोबतीला पीरमहंमद, आणि त्याच्या खांद्यावर स्वच्छ धुतलेला मी. कराराची बोलणी करणाऱ्या सरकारी अधिकारी अंजना मॅडम दिल्लीहून आल्या होत्या. मूळच्या खंडाळ्याच्या, बोलायला साध्या.

त्या म्हणाल्या, "आपला माल तिकडे कमी करात जावा, हा आपला पहिला हेतू. सांगलीचा बेदाणा, हळद, कापड. आपल्या मुलांना तिकडे नोकरीची वाट मोकळी व्हावी, हा दुसरा. पण घ्यायचं तर काही द्यावंही लागतं."

सांगलीच्या बेदाणेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. धोंडुबाई उठली.

"आवं बाई, घेणार काय ते समदं सांगितलंसा. देणार काय? मटणावरचा कर काडणार हाय का न्हाई?"

"मावशी, ते इथे सांगता येत नाही. आपण कुठवर मागे सरणार हे समोरच्या देशाला कळलं, तर तो आपल्याला तिथवर रेटणारच."

आणि मित्रांनो, पीरमहंमदने चक्क मॅडमची बाजू घेतली! "आक्का, त्या बराबर बोलत्यात. बोटं दावून सौदा हुतो व्हय?"

धोंडुबाई उसळली. "बोटं लपवायची ती गिऱ्हाइकापास्नं, पीरभाई! माझ्यापास्नं कवा लपवलीस? मला इचारल्याबिगर कवा हात घातलास? दलाल कितीबी मोठा असूं दे, मेंढरं त्याची नसत्यात."

पीरमहंमदने मान खाली घातली. तिने मला त्याच्या खांद्यावरून ओढलं, तरातरा पुढे गेली आणि स्वतःच्या हातावर पसरलं. "मोठ्यानं नगा सांगू. ह्याच्याखाली सांगा."

सभागृह हसलं. अंजना मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात घातला.

आजवर माझ्याखाली कधी बाईमाणसाचा हात आला नव्हता. आता एकदम दोन आले. काठी धरून घट्टे पडलेल्या हाताने दुसऱ्या हाताची बोटं मिटवली. मूठ झाली, पण सैल होती.

"मावशी, खोटं बोलणार नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हे माझ्या एकटीच्या हातात नाही. पण ही मूठ मी वर सांगेन. आणि करार ठरण्याआधी परत येऊन तुम्हाला विचारेन."

"कशावरनं?" धोंडुबाईने विचारलं.

मॅडमनी स्वतःच बोटं आवळली. मूठ घट्ट झाली. ते फक्त धोंडुबाईला कळलं आणि मला.

परतताना पीरमहंमदने मला मागितलं नाही. धोंडुबाईच्याच खांद्यावर राहू दिलं.

अंजना मॅडम अजून आलेल्या नाहीत. येतील, असं धोंडुबाई म्हणते. नाही आल्या तर ती दिल्लीला जाणार आहे, आणि तिच्या खांद्यावर मी असणार आहे. तिथे कितीही मोठं टेबल असू द्या, मी त्यावर पसरेन.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा कोणी जुना तुमच्या घरी असेल तर त्याला धुवा, वाळवा, फाटला तर ठिगळ लावा. पण मोटारसायकल पुसायला घेऊ नका. आमचा सौदा अजून झालेला नाही.