बारा षटकं, चार चेंडू

मी स्कोअररचा कॅल्क्युलेटर बोलतोय. खरं तर बोलायची सवय नाही मला. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एरवी गप्प पडून राहायचं, असा माझा जन्म.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जोडले गेले. मी नानांच्या वाट्याला आलो. नाना क्लबच्या सामन्यांची स्कोअरची वही लिहायचे, आणि त्यांचे दोन्ही मुलगे त्याच क्लबकडून सलामीला खेळायचे. नानांच्या बोटांनी माझी बटणं पार पुसट झाली.

माणसांची एक खोड मी पाहिलीय. कुणी किती धावा केल्या यावर तावातावाने भांडतील, पण दोघांनी मिळून किती वेगाने केल्या ते कुणी विचारत नाही. नाना विचारायचे. भागीदारीच्या धावा गुणिले सहा, भागिले दोघांनी खेळलेले चेंडू. षटकामागे किती ते मी सांगायचो. "षटकं घालायची नाहीत, चेंडू घालायचे," हे त्यांनी मुलांकडून लहानपणीच घोकून घेतलं होतं. कारण बारा पॉइंट चार म्हणजे बारा षटकं आणि वर चार चेंडू, हे माणसांना कळतं. मी आपला त्याला दशांश समजून मोकळा होतो.

धाकटा तापाने गेला. चार दिवसांत. घर सुन्न झालं. नाना जेवायचे, पेपर वाचायचे, कुणी आलं की "बसा" म्हणायचे. रडले नाहीत. मीही टेबलावर पडून होतो.

महिन्याभराने क्लबचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "नाना, शेवटच्या सामन्यात पोरांनी नाबाद शंभर जोडल्या होत्या. शतकी भागीदारीत आपल्याकडचा सगळ्यात जास्त वेग आहे षटकामागे आठ. त्याच्या वर असेल तर क्लबातल्या फलकावर दोघांची नावं लावू. तेवढा आकडा काढून ठेवा."

ते गेल्यावर नानांनी वही उघडली. पोरांची भागीदारी बारा षटकं, चार चेंडूंची होती. शंभर भागिले बारा पॉइंट चार. मी आठ पॉइंट शून्य सहा दाखवलं. मला काय, विचारलं ते सांगितलं. नानांनी आकडा कागदावर उतरवला आणि त्या महिन्याभरात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले.

थोरला शेजारीच उभा होता. मग त्याने मला उचललं. शंभर गुणिले सहा, भागिले शहात्तर. सात पॉइंट आठ नऊ.

"नाना, चेंडू शहात्तर होते."

"माहीत आहे मला," नाना म्हणाले. "एकदा डोळेझाक करावीशी वाटली."

"मग देऊ का हाच कागद?"

"नको. फाड तो. उसना आकडा त्याला चालायचा नाही."

थोरल्याने कागद फाडला आणि तिथेच खाली बसला. "दोन चेंडू मी नुसते सोडून दिले होते, नाना. मारले असते तर नाव लागलं असतं त्याचं."

"बाहेरचे होते ते. सोडायचेच असतात," नाना म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

फलकावर जुनीच नावं आहेत. नानांनी वही लिहायचं सोडलं. मी आता खणात असतो. थोरला अधूनमधून खण उघडतो, सोडलेले ते दोन चेंडू वगळून शहात्तरच्या जागी चौऱ्याहत्तर घालतो. मी आठ पॉइंट एक दाखवतो. तो बघत बसतो. मला खोटं सांगता येत नाही आणि गप्पही राहता येत नाही. कुणीतरी माझा सेल काढून ठेवा, एवढंच मागणं आहे.