लाल टाचणी

"हलू नका," असं म्हणून बायकोने भुवया कोरायचा चिमटा त्याच्या टाचेशी नेला.

तो हललाच नाही. भीती वाटायची गोष्ट तीच होती.

चिमट्यात जे आलं ते तिने खिडकीच्या उजेडात धरलं. गोल डोक्याची लाल टाचणी. मोजा रक्ताने टाचेला चिकटला होता, तो सोडवताना ती सापडली होती.

"ही कुठली हो?"

"सेंटर फॉरवर्ड," तो म्हणाला.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाने बायकोशी खोटं बोलू नये असा काही नियम नाही, पण हे खरं होतं. सकाळच्या बैठकीत डावपेचांच्या फळ्यावरची नेमकी हीच टाचणी हरवली होती. अख्खा संघ टेबलांखाली रांगत होता. ज्याच्या नावाची टाचणी तो बिचारा स्ट्रायकर पडेल चेहऱ्याने विचारत होता, "म्हणजे सर, मी टीममध्ये नाही का?" आणि प्रशिक्षक सगळ्यांच्या बेशिस्तीवर तोंडसुख घेत येरझारा घालत होते. त्याच टाचणीवर पाय देत.

"अहो, दिवसभर दुखलं नाही?"

"बूट सैल आहेत ना," तो म्हणाला. बायकोने हे उत्तर चिमट्यासकट बाजूला ठेवलं आणि भावाला फोन लावला.

मेव्हणा डॉक्टर असण्याचा तोटा असा की त्याला फी देऊन गप्प बसवता येत नाही. त्याने भाऊजींना टेबलावर आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"पायाचा अंगठा वर केलाय की खाली, सांगा."

तो विचारात पडला. पेनल्टी अडवणारा गोलकीपर जसा एक बाजू धरून उडी मारतो, तशी त्याने मारली. "वर!"

"भाऊजी, मी अजून हात लावलेला नाही."



"साखर किती वर्षं अंगावर काढलीत?" मेव्हण्याने विचारलं. "चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटून मागे राहिली आणि कळलंच नाही, असं?"

"माझ्या पायातून?" तो उसळून म्हणाला. "या पायातून बॉल निसटला नाही कधी, चप्पल कसली निसटते?"

खरं तर बागेत एकदा निसटली होती. एका म्हातारबुवांनी पाठीमागून हाका मारत आणून दिली होती. म्हाताऱ्याने आपल्याला ओळखलं नाही, एवढंच समाधान तेव्हा त्याने मानलं होतं.

"गेलं ते परत येत नाही," मेव्हणा म्हणाला. "आहे ते सांभाळा. जखम कळली नाही की चिघळते, आणि चिघळली की पाय जातो. घट्ट बूट नको, अनवाणी नको, लाथ तर मुळीच नको. फुटबॉल बघा."

"आणि कुणाला सांगायचं नाही."

"ताई ऐकतेय दाराआड."

"तिच्याशिवाय कुणाला."

सांगून चालणारच नव्हतं. पोरवयात धुळीच्या मैदानावर हा उजवा पाय एका क्लबवाल्याने पाहिला आणि पायाबरोबर उरलेल्या पोरालाही उचललं. लोकांनी त्याचं नाव 'तोफ' ठेवलं. राष्ट्रीय संघात तो पाय खेळला, नोकरी त्या पायाला लागली. सासऱ्यांनीसुद्धा मुलगी त्या पायालाच दिली होती, त्याच्या वरचा माणूस त्यांना शेवटपर्यंत पसंत नव्हता. खेळणं संपलं तेव्हा तो पोरांना शिकवू लागला. मग क्लबला, मग देशाला. शिकवण्यासाठी त्याच्याकडे शब्द एकच होता: "असं." असं म्हणायचं आणि मारून दाखवायचं. त्या एका शब्दावर त्याने तीन पिढ्यांचे स्ट्रायकर घडवले होते. आणि आता काही महिने तो खिशात हात घालून वाक्यं बोलत होता. पोरं आपसात म्हणत, "सर हल्ली वाचायला लागलेत वाटतं."

सामना हरला तर काय होतं ते त्याला पाठ होतं. बसच्या काचा फुटतात, वर्तमानपत्रवाले फाडून खातात, संघटनेचे अध्यक्ष फोन उचलत नाहीत. त्या भीतीशी त्याची जुनी ओळख होती, सोयरीकच म्हणा ना. पण परवाच्या सामन्यात जिंकलो तर? जिंकल्यावर कर्णधार पेनल्टीच्या खुणेवर बॉल ठेवतो आणि तोफेने रिकाम्या जाळ्यात बार उडवल्याशिवाय एक माणूस जागचा हलत नाही. ही प्रथा त्याने स्वतःच पाडली होती, पहिल्या विजयाच्या माजात. आता कुणाकडे तक्रार करणार?

सामन्याच्या दिवशी बायकोने पायाचा तळवा उलटसुलट करून पाहिला, बुटात हात घालून चाचपलं, मग बूट चढवले. नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, बिनलेसचे.

"हरलात तरी या घरी," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "जिंकलात तरी या."

बाकावर त्याच्या शेजारी डावऱ्या बसला. डावऱ्या म्हणजे त्याचा जुना जोडीदार, लेफ्ट विंगचा, आताचा सहप्रशिक्षक. बाकावर बसायलाही नडगीला पॅड बांधणारा जगातला बहुधा एकमेव माणूस. कारण संघ गोलाजवळ गेला की तोफेचा उजवा पाय आपोआप उडे आणि डावऱ्याच्या नडगीवर बसे. मग तोफ म्हणे, "लागलं का रे?" डावऱ्या म्हणे, "गोल." इतक्या वर्षांचा संसार होता तो.

सामना संपत आला तरी बरोबरी. कॉर्नर आला. बॉल उंच उडाला, गर्दीतून लाल टाचणीवाला पोरगा वर उठला, आणि डोकं लागलं. जाळं हललं. बाकावरचे सगळे मैदानात धावले.

डावऱ्या मात्र नडगी धरून बसला होता. "अरे पॅड फोडलंस की! आणि मारून विचारायचास तरी. आता तेही नाही. मोठा माणूस झालास बाबा."

"मी?" तोफ म्हणाला. "मी कुठे मारलं?"

डावऱ्या हसायला गेला. मग त्याने तोफेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथून सैल बुटाकडे, आणि हसू अर्ध्यात राहिलं. शिट्टी वाजली.

बॉल खुणेवर ठेवला गेला. "तोफ! तोफ!" मैदान बसल्या जागी उसळत होतं. तो निघाला. पायाखाली गवत असणार हे त्याला ठाऊक होतं, कारण दिसत होतं. गुडघ्यापर्यंत तो होता. खाली नुसती ऐकीव माहिती. आपण पडलो तर? बॉलऐवजी जमिनीला लागलं आणि बोट मोडलं, आणि आपण हसत हात हलवत राहिलो तर?

लाथ मारताना त्याने कधी पायाकडे पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. डोळ्यांनी पायाला बोट धरून बॉलपर्यंत नेलं, आणि मारलं.

बॉल वरच्या कोपऱ्यात गेला. अगदी असं.

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तो वळला आणि दोन्ही हात उंच करून बाकाकडे चालू लागला. गर्जना झाली. मग गर्जनेचं हळूहळू हसू झालं. एका बाजूने सुरू झालं आणि सगळीकडे पसरलं. लोक किती खूश आहेत, असं वाटून तोही हसला, आणखी जोरात हात हलवू लागला.

डावऱ्या समोरून लंगडत पळत आला, त्याच्या बाजूने पुढे गेला. परतला तेव्हा त्याने कोटाखाली काहीतरी धरलं होतं.

"बस जरा," डावऱ्या म्हणाला.

"अरे, लोक..."

"बस म्हणतो ना. फोटोवाले येतायत, पायाला गवत चिकटलंय."

तो बाकावर बसला. डावऱ्याने फोटोवाल्यांकडे पाठ केली, आडोसा करत गुडघ्यांवर बसला आणि मान खाली घातली. त्याच्या डोक्यावर किती कमी केस उरलेत ते तोफेने पहिल्यांदाच पाहिलं. मग खाली पाहिलं. तिथे एक मोजा होता, टाचेवर ताजा लाल डाग पडलेला, आणि डावऱ्याचा हात तो पाय तळव्याखालून धरून अलगद बुटात सरकवत होता.

"लागलं का रे?" डावऱ्याने मान वर न करता विचारलं.

तोफ त्या हाताकडे बघत राहिला. हात दिसत होता.