भागीबाई बसली की टेप वाजतो

मी जीप बोलतेय. इकडं-तिकडं काय बघताय? जयरामच्या घरामागं, आंब्याखाली, जिच्या बॉनेटवर कोंबडी बसलीय ना, तीच मी. कोंबडीला हाकलू नका. भाडं देत नाय, पण गप बसते. एवढं गुणाचं पाशिंजर मला उभ्या जन्मात मिळालं नाय.

मी अंगठेबहाद्दर. माझ्या पुढं-मागं नंबर लिहिलाय म्हणतात, पण मला तो वाचता येत नाय. एक तर अक्षराची ओळख नाय, आणि दुसरं म्हणजे, स्वतःचं कपाळ कुणाला दिसतं? तुम्हाला दिसतं का? मग!

जन्म कुठं झाला ते आठवत नाय. शुद्धीवर आले तेव्हा सरकारी खात्यात होते. अंगावर पांढरा रंग, शिटेवर साहेब. साहेब मला घेऊन रस्ता बघायला निघायचे आणि रस्ता सोडून बाकी सगळं बघायचे. मी म्हातारी झाले तसं मला लिलावात काढलं. तिथं करंजाळीच्या जयराम गावितानं माझ्या टायरला लाथ मारून बघितली आणि मान हलवली. आमच्यात सोयरीक अशीच जमते.

जयरामनं मला काळी-पिवळी केली. ब्रश त्यानंच फिरवला. रंगावर रंग, त्याच्यावर आणखी रंग, नटबोल्टसुद्धा सोडले नाय. पुढची शीट लय खडखडायची, म्हणून तिच्या पायांखाली फुटक्या ट्यूबचं रबर कापून घातलं. हे रबर ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्या रबरावर उभं हाय.

आमचं काम सरळ होतं. सकाळी करंजाळीच्या फाट्यावर पाशिंजर भरायचे, सावळघाट उतरायचा आणि नाशकात पेठ नाक्यावर ओतायचे. बसायला जेवढी माणसं त्याच्या दुप्पट आत, बाकीची मागं लोंबती. जयरामला स्वतःच्या शिटेवर अर्धंच बूड टेकायला मिळायचं. तसाच तिरपा बसून तो घाट उतरवायचा. मी कण्हायची, पाशिंजर हसायचे.

मग ते टेपचं खूळ आलं. आधी आमच्याच फाट्यावरच्या राजूच्या जीपमध्ये टेप बसला, लाल-हिरव्या लायटीवाला. झालं! माणसं माझ्यासमोरून तोंड फिरवून राजूकडं जायला लागली. वाटेल तेवढं दाटून बसतील, पण गाण्यात बसतील. राजू मुद्दाम आवाज वाढवून वरडायचा, "जयराम्या, तुझ्या गाडीत काय वाजतं रं? सायलेन्सर?"

खोटं नव्हतं. पण मला लागलं.

जयराम मालेगावला गेला आणि जुन्या बाजारातून एक टेप घेऊन आला. कुण्या मोटारीच्या पोटातून काढलेला, तारा आतड्यासारख्या लोंबत होत्या. मग मला नाशकात द्वारकेच्या चौकात गोरक्ष वायरमनकडं उभी केली. हा गोरक्ष एकटाच अडीच माणसांएवढा. त्यानं माझ्या डॅशबोर्डाला करवत लावली. मी काय बोलणार? हॉर्नची तारपण त्यानं आधीच सोडवली होती.

लाल तार फ्यूजमधून बॅटरीला दिली. राहिली काळी तार, म्हणजे अर्थिंग. ती माझ्या उघड्या लोखंडाला टेकली तर टेप जिता, नाय तर मेला.

"जरा लोखंड दाव की रं कुठं," गोरक्ष खरवडत म्हणला. "गाडी हाय का रंगाचा डबा?"

शेवटी पुढच्या शिटेच्या पायाचा, दाराकडचा एक बोल्ट त्याला चकचकीत दिसला. काळी तार त्यानं तिथं आवळली. शिटेच्या पायाखाली रबर हाय हे बघायला वाकायला लागलं असतं, आणि गोरक्षला वाकता येत नव्हतं. तो आपला त्याच शिटेवर धपकन बसला आणि बटण दाबलं. त्याच्या वजनानं रबर चेपलं, बोल्ट माझ्या अंगाला टेकला, आणि गाणं असं खणखणीत निघालं की मी स्वतःच दचकले. गाण्याच्या मागून माझ्या इंजिनची कूंऽऽ अशी तानपण स्पीकरातून येत होती. पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू आला. वाईट नाय.

"बघ!" म्हणत गोरक्ष चहाला उतरला. गाणं बंद.

"ओ गोरक्षभाऊ! बंद पडला!"

गोरक्ष परत आला, बसला. गाणं चालू. "वाजतोय की! तुझ्या हाताला गुण नाय." उतरला. बंद.

"तुम्ही उतरलं की बंद पडतोय, भाऊ."

"मग मी काय तुझ्यासंगं करंजाळीला नांदायला येऊ? नव्या घरी आलाय, रुळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर जयराम त्या टेपला बुक्क्या मारत होता. राजूची जीप भरत होती. मी रिकामी.

आता भागीबाईचं सांगते. भागीबाई म्हणजे फाट्याशेजारच्या पाड्यावरची रानमेवा विकणारी बाई. करवंदं, आवळे, रानभाजी, जे दिवस असतील ते पाटीत घालायची आणि नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन विकायची. अंगानं भरभक्कम, बोलायला तिखट. पण फाट्यावर तिला कुणी पहिलं पाशिंजर म्हणून घेत नव्हतं. जीपवाल्यांची रीत अशी, की दिवसाची भवानी चांगल्या पायाच्या माणसाकडून व्हावी. भागीबाईचा नवरा तरणाताठा गेलेला. त्यात एकदा ती राजूच्या जीपमध्ये पहिली बसली आणि घाटात स्प्रिंगचा पाटा तुटला. राजूनं टपावर भाताची पोती किती चढवली होती ते कुणी बघितलं नाय. सगळ्यांनी बाईचा पाय बघितला. पनवती म्हणायला लागले.

तेव्हापासून ती पाटी घेऊन फाट्यावर पहिली यायची आणि शेवटची बसायची. गंगेवर पोचायची तोवर तिची जागा दुसरीनं धरलेली, करवंदांचा चिखल झालेला.

त्या दिवशी तिचे पाय दुखत होते. ती माझ्याजवळ आली.

"जयराम, बसत नाय रं बाबा. नुसतं टेकते जरा."

जयराम टेपमध्ये गुंतलेला. नाय म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तोवर ती पाटीसकट दाराकडच्या कोपऱ्यावर टेकलीपण होती.

आणि टेप बोंबलला!

लग्नातलं गाणं, सनई-बिनई सगळं. भागीबाई किंचाळून उठली. टेप गप. सगळा फाटा आमच्याकडं बघतोय.

"मी नाय काय केलं!" भागीबाई म्हणली.

"बस बरं परत," जयराम म्हणला.

ती बसली. सनई चालू.

"उठ."

उठली. गप.

"आयला," राजू लांबून वरडला, "भागीमावशीच्या पोटात बॅटरी हाय का काय!"

"तुझ्या टकुऱ्यात नाय ती माझ्या पोटात हाय, मुडद्या!" भागीबाईनं परतवलं. ती फतकल मारून बसली ती उठलीच नाय. राजूच्या जीपमधली माणसं गंमत बघायला उतरली आणि बघता बघता माझ्यात बसली. मी भरले. भवानी भागीबाईची झाली, आणि त्या दिवशी साधा पंक्चरपण निघाला नाय. मी चारी टायर दात आवळून धरले होते.

तेव्हापासून रोजचं ठरलं. भरल्या गाडीत टेप कुणाच्याही भारानं वाजायचा. पण सकाळी रिकाम्या गाडीत, एकटीच्या वजनावर, फक्त भागीबाईच्या. आमच्याकडची बाकीची माणसं कशी, काटक्या. लोक म्हणायला लागले, बाईच्या पायाला गुण हाय, लोखंड गातं. आदल्या वर्षी पनवती म्हणणारी तोंडं तीच बरं का. पुढं राजूनं नवी गाडी घेतली तेव्हा नारळ हातात घेऊन तोच म्हणला, "मावशे, माझ्या गाडीत आधी तू पाय ठेव."

"पाटा तुटंल रं," ती म्हणली.

"जुनं काढू नको ना, मावशे."

तिनं पाय ठेवला. पण गंगेवर जायला आली माझ्याकडंच. आता सकाळचं ऊन माझ्या पायरीवर यायच्या आत तिची पाटी पायरीवर असायची.

आणि मी? मी मनातल्या मनात हसून फुटायची. सगळ्या फाट्याला रबराच्या तुकड्यानं येडं केलंय, आणि ठाऊक फक्त मला! गोरक्ष एकदा म्हणलापण, "जयराम, आण ती गाडी, अर्थिंग बघतो." जयराम म्हणला, "वाजतोय ना? मग हात लावू नका." मी म्हणलं, बरं झालं बाई, मालक भोळा मिळाला.

मग एका थंडीत भागीबाईला कावीळ झाली. लय दिवस ती आली नाय. आली तेव्हा मी ओळखलीच नाय. खांबाला लुगडं गुंडाळल्यासारखी दिसत होती. पाटीत थोडे आवळे. लोकांनी वाट दिली, राजूनं हात धरून चढवली. ती आपल्या कोपऱ्यावर बसली.

जयरामनं बटण दाबलं.

काय नाय.

मी जीव काढून बोल्ट खाली ओढत होते. पण मी काय लोहार हाय? मागं कुणीतरी कुजबुजलं. भागीबाईनं मांडीवरच्या पाटीकडं बघितलं आणि हळूच म्हणली, "माझा पाय गेला वाटतं रं."

ती उठायला लागली.

"बस की, मावशे," जयराम म्हणला. "दारच नीट लागलं नाय."

तो तिच्या अंगावरून वाकला. उजव्या हातानं दार ओढलं, आणि डाव्या हाताची मूठ, भागीबाई आणि दार यांच्या मधल्या सापटीत, शिटेच्या बरोब्बर त्या कोपऱ्यावर दाबली. अंगाचा सगळा भार टाकून.

सनई चालू.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. जयरामनं कुणाकडं बघितलं नाय. पण मी बघितलं ना! मूठ बोटभरसुद्धा इकडं-तिकडं पडली नाय. म्हणजे हा भोळा माणूस सगळं जाणून होता, आणि मी मात्र एवढी वर्षं खोडी माझीच समजत होते.

थांबा, अजून हाय.

दुसऱ्या दिवशी भागीबाई आली. चढली, बसली, आणि जयराम दाराला हात घालतोय तोवर टेप वाजलापण. मला कळंना. बाई तर कालच्याएवढीच वाळकी. मग पाटीचा भार लागला. आवळ्यांच्या खाली, पळसाच्या पानात गुंडाळून, वरवंटा होता! घरातला, मसाला वाटायचा.

जयराम जागच्या जागी थबकला. मग गिअर टाकला. घाटात म्हणला, "पाटी लय जड झाली, मावशे."

"यंदा आवळ्यात रस भरलाय."

"हां. रसच असंल."

पेठ नाक्यावर पाटी त्यानंच उतरवली. दोन्ही हातांनी, जपून, अंडी असल्यासारखी. दुसऱ्या दिवसापासून तो रोज दार लावायला वाकायचा आणि ती रोज वरवंटा आणायची. एकमेकांपासून लपवून, एकाच बोल्टावर दोघांचा भार. बोल्ट वाकला बिचारा. मी हसत होते का रडत होते ते इंजिनच्या आवाजात कुणाला कळलं नाय.

आता मोठ्या गाड्या आल्या. माझे कागद संपले. जयरामनं मला आंब्याखाली आणली, बॅटरी काढून घेतली. भागीबाईपण गंगेवर जात नाय. दुपारच्याला काठी टेकत येते, कोंबडीला शिवी देते, आणि त्याच कोपऱ्यावर बसते. मग ओट्यावरून जयराम विचारतो,

"वाजतोय का गं, मावशे?"

"वाजतोय की. तुला ऐकू येत नाय, म्हातारा झालास."

परवा मालेगावचा भंगारवाला येऊन माझ्या टायरला लाथ मारून गेला. येईल परत. तुमची-त्याची गाठ पडली तर एवढं सांगा. पत्रा ने, इंजिन ने, टेपपण ने. पण पुढच्या शिटेचा, दाराकडचा वाकडा बोल्ट खोलशील तेव्हा खाली रबराचा तुकडा सापडंल. तो बघून मोठ्यानं हसू नको. ओट्यावर दोघं बसलेले असतील, आणि दोघांनाही अजून वाटतंय की दुसऱ्याला आपली खोडी ठाऊक नाय.