भिजवलेला मका

"चिमणे, यंदा माझ्या मक्याची आशा सोड," दादाने फोनवर सांगितलं होतं. "छप्पर गळलं, मालाला बुरशी धरली. तुझ्या कोंबड्या पटापट माना टाकतील. आता इंधनाच्या कारखान्यालाच जाईल. ते खराबच धान्य घेतात."

तिला स्वतःपेक्षा दादाचंच वाईट वाटलं. तसा तिचाही जीव टांगणीला होता. कारखाना सुरू झाल्यापासून बाजारात मका हात लावू देत नव्हता, आणि पोटच्या पोरींसारख्या वाढवलेल्या कोंबड्या आता कुठे अंड्यावर येत होत्या. नवरा म्हणत होता, "विकून मोकळे होऊ." ती म्हणाली, "थांब. दादा काहीतरी करेल."

दादाला धीर द्यावा म्हणून ती लेकीला कडेवर घेऊन गोदामात गेली. दादा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मक्याच्या ढिगावर पाइपने पाणी मारत होता.

तिने आधी वर पाहिलं. छप्पर ठणठणीत कोरडं. तेवढ्यात कडेवरून खाली उतरलेल्या लेकीने ढिगातला दाणा तोंडात टाकला. बुरशीच्या धास्तीने तिने बोट घालून तो काढला आणि दाताखाली फोडला. कट्‌कन वाजला. आतून कोरडा, गोड.

"दादा, हा तर चांगला आहे!"

"म्हणूनच भिजवतोय," दादा ओशाळं हसला. "चांगला माल त्यांना चालत नाही. नियम आहे बाई."

"आणि माझ्या कोंबड्या?"

"त्या देणार आहेत का कारखान्याचा भाव?"

"मला विचारलंस तरी?"

"सख्ख्या बहिणीकडून तो भाव घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"खोटं बोललेलं चाललं?"

दादाने पाइप उगाच दुसऱ्या हातात घेतला. "कोपऱ्यातला कोरडा आहे अजून. दोन पोती ने. फुकट ने."

"दोन पोत्यांनी काय होतंय? भाव सांग."

"चिमणे..."

"सांग, दादा."

त्याने खाली बघत सांगितला. तिने मनात हिशेब मांडला. त्या भावात अंडं कोंबडीचं खाणंसुद्धा भरून काढत नव्हतं. तिने लेकीचे ओले तळवे पदराला पुसले आणि बाहेर पडली. मागे पाणी पुन्हा ढिगावर पडू लागलं.

रस्त्यावर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. "गिऱ्हाईक बघ. सगळ्या विकू."

"का गं? दादाने काहीच केलं नाही?"

"केलं ना," ती म्हणाली.