मिरचीपुडीचं रक्त

देझ्यो मामाने तलवारीच्या पात्यावरच्या पन्हळीत डुकराची चरबी चोपडली, वर लाल मिरचीपूड भुरभुरली आणि अंगठ्याने रगडली. त्याची भाची बोरी हिने नाक दाबलं. मामाची घाणेरडी कामं तिने पुष्कळ पाहिली होती, पण हे म्हणजे अतीच झालं!

"रक्ताची पन्हळ ना ही? मग सुकलेलं रक्त दिसायला नको?"

"पातं हलकं व्हावं म्हणून असते ती, मामा. घोड्यावर दिवसभर पेलायचं असतं."

"आली मोठी सेनापतीण!"

पणजोबा हुसार म्हणवणाऱ्या हंगेरीच्या घोडदळात होते. त्यांची ही तलवार मामाला आपल्या खानावळीत कायमची टांगायची होती, आणि आज आजोबा हो की नाही ते सांगणार होते. हो म्हणाले की संपलंच. मग रोज दारुडे तिच्याखाली बसून ढेकर देणार!

आणि किती देखणी होती ती! किंचित वाकलेलं पातं, बोटं झाकणारी भोकाभोकांची लोखंडी वाटी, मुठीवर माशाचं खरखरीत कातडं आणि त्यावर पिळाची तार. त्यात आता हा चिकट लाल राडा, आणि मामाने ती तशीच म्यानात खुपसली.

दुपारी खानावळीत बुडापेस्टची गिऱ्हाइकं आली. मामा तलवार उपसून नाचवत ओरडला, "सात मुंडकी! एका वारात एकेक!"

"अजून सांग की!" रस्सा लागलेले ओठ पुसत गिऱ्हाइकं खिदळली. एकाने तर पन्हळ हुंगली. शी!

कोपऱ्यात आजोबा मान खाली घालून बसले होते.

बोरीने तलवार हिसकावली आणि समोरच्या ताटातल्या सॉसेजवर दाबून ओढली. सॉसेज चेपलं, फुटलं, चरबी पचकन बाहेर आली. कापलं मात्र गेलं नाही.

"सॉसेज कापेना, म्हणे मुंडकी! लढाईचा हुकूम आल्याशिवाय असल्या तलवारींना धार लावतच नसत. हिला कधी लागलीच नाही. हो ना, आजोबा?"

आजोबांनी मान वर केली. "माझा बाप पलटणीत शिंगरं शिकवायचा. कुणाला मारलं नाही त्यानं. आणि त्याची लाजही नव्हती त्याला."

मामाने पावाचा तुकडा घेतला, पन्हळीतून मुठीपासून टोकापर्यंत फिरवला आणि तोंडात टाकला.

"मीठ कमी पडलं," तो चघळत म्हणाला.

बोरीने तलवार मागे ओढली.

आजोबा उठले. "चल पोरी, घरी नेऊ तिला."

घरी बोरीने पातं गरम पाण्याने धुतलं, पुसलं, तेल लावलं. मग म्यानाच्या तोंडाशी नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं.



"आजोबा, आतपर्यंत गेलाय हो तो वास!"