सगळ्यांच्या मापाची शेरवानी

मित्रांनो, मी कुणाची शेरवानी, असं तुम्ही विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही. माझ्या बाह्या एकाच्या मापाच्या आहेत, खांदे दुसऱ्याचे, आणि पोटाचा घेर तिसऱ्याच कुणाचा. मला अंगात घालून एकही मुलगा कधी नीट दिसला नाही. हा दोष माझा नाही, शिवणाऱ्याचाही नाही. तो एका ठरावाचा आहे. मी ठरावातून जन्मले.

तेव्हा आपल्या भागावर निजामाचं राज्य होतं. गुलबर्ग्यात एक कॉलेज होतं. बिदर, आळंद, अफजलपूर अशा गावोगावची मुलं तिथं शिकायला येत आणि कॉलेजच्या बोर्डिंगात राहत. कॉलेजात विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. त्याला अंजुमन म्हणत. मंडळाच्या अध्यक्षाला सदर म्हणत आणि चिटणिसाला मोतमद. दर महिन्याला सभा भरे. प्राचार्य म्हणत, मुलांच्या अडचणी अंजुमननं ठराव करून माझ्याकडे पाठवाव्यात, मी बघतो. सोय चांगली होती. पण अंजुमनचा एक जुना नियम होता. सभेत बोलायला जो उठेल त्याच्या अंगात शेरवानी हवी.

आता सांगा, कमठाणा गावच्या शेतातून आलेल्या मुलाकडे शेरवानी कुठली असणार? त्याच्याकडे दोन सदरे, एक धोतर आणि आईनं दिलेली वाकळ. त्यामुळे गावाकडची मुलं सभेत मागे बसत आणि टाळ्या वाजवत. बोलायची ती शेरवानीवाली मुलं. ती बोलायची मुशायऱ्याच्या बैठकीवर, पाहुण्यांच्या स्वागताच्या कमानीवर, आणि सदरांच्या खुर्चीला गादी लाल असावी की हिरवी यावर.

एका वर्षी काही मुलांनी कुरकुर केली, की हा नियम गरिबांना जाचतो. अंजुमननं फार विचार केला. तुम्हाला वाटेल, नियम काढून टाकला असेल. नाही. अंजुमननं ठराव केला, की गरीब विद्यार्थ्यांसाठी मंडळाच्या खर्चानं एक सार्वजनिक शेरवानी शिवावी. ती मी.

बाजारातले दर्जी लाडलेसाब टेप घेऊन आले. त्यांनी विचारलं, "माप किसका लेऊ, साब?"

"सगळ्यांचं घ्या," मोतमद म्हणाले.

लाडलेसाबांनी टेप गळ्यात टाकली आणि ते मुलांची डोकी मोजू लागले. मग अंजुमनवाल्यांनीच तोड काढली. खांदे सदरांचे घ्या, बाह्यांची लांबी मोतमदांची घ्या, घेर खजिनदारांचा. ज्यांच्या घरी स्वतःच्या चांगल्या शेरवान्या टांगलेल्या होत्या, त्यांच्याच मापावर मला बेतलं. लाडलेसाबांनी मला काळ्या जाड कापडातून, पक्क्या टाक्यांनी शिवलं. गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. माझं सभेत कौतुक झालं. आता गरिबातला गरीब विद्यार्थीही बोलू शकेल, असं सदर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारी मुलं तीच, मागची.

मग मला कपाटात कुलूप घालून ठेवलं.

किल्ली मोतमदांकडे. मी लागणार असेल तर आदल्या दिवशी त्यांना सांगायचं, आणि कशावर बोलायचंय तेही सांगायचं. विषय शेरवानीच्या योग्यतेचा आहे की नाही, ते मोतमद ठरवणार. या नियमाचा मला इतका राग येई, मित्रांनो, की माझ्या गुंड्या तुटून पडाव्यात असं वाटे. पण लाडलेसाबांचा टाका तुटणारा नव्हता.

तरी काही मुलांनी मला घातलं. अंगाला लागून असतं त्याला सगळं कळतं. मुलगा सकाळपासून जेवला आहे की नाही, त्याच्या फासळ्या किती वर आल्यात, त्याची छाती कशी धडधडते आहे, हे मला कळे. वीरण्णा नावाचा एक हडकुळा मुलगा होता. बोर्डिंगात कंदिलाला तेल पुरत नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण माझ्या बाह्यांतून त्याचे हात बाहेर येईनात. तो उभा राहिला, बाह्या वर सारल्या, पुन्हा त्या खाली आल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. वीरण्णा "शुक्रिया" म्हणाला आणि खाली बसला. तेल राहिलंच. त्याला बाह्यांची इतकी काळजी लागली होती, की बोलायचं काय ते तो विसरून गेला. असं एकदा नाही, कितीदा झालं. पुढे पुढे मुलांनी मला मागणंच सोडलं. कपाटात मला कसर लागली. पण अहवालात दर वर्षी माझं नाव येई, अंजुमननं केलेल्या सुधारणांमध्ये सगळ्यात वर.

पुढे एका उन्हाळ्यात सदर होते अफजलपूरकडचे गुंडेराव आणि मोतमद होते आप्पाराव. गुंडेराव मनानं वाईट नव्हते. बोलत छान. पण नियम म्हटला की त्यांचा चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा होई.

बोर्डिंगच्या विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. तिचा एका बाजूचा कठडा ढासळला होता, आणि कपडे धुतलेलं, भांडी विसळलेलं सगळं पाणी त्या वाटेनं परत विहिरीत जात होतं. बोर्डिंगात भाकरी करणाऱ्या चंद्रम्मा मुलांना सांगून थकल्या. "अरे, तुमची ती मोठी पंचायत हाय न्हवं? सांगा की तिला. का तीबी ह्येच पानी पेऊन झोपलीया?" असं त्या म्हणत. मुलं हसत आणि तेच पाणी पीत. मग एकेक जण आजारी पडू लागला.

मन्नाएखेळ्ळीचा रामकिशन तापानं पडला. त्याच्या खोलीत कमठाण्याचा बंडेप्पा राहत असे. डॉक्टरांनी सांगितलं, आधी पाणी बदला, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. बंडेप्पा प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य म्हणाले, अंजुमनकडून ठराव येऊ द्या. बंडेप्पा आप्पारावांकडे गेला.

"शेरवानी पाहिजे, साब. सभेत बोलायचंय."

"विषय काय?"

"विहीर."

आप्पारावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "विहीर हा काय सभेचा विषय झाला? या सभेत निरोप समारंभाचं ठरवायचंय."

"रामकिशन तापानं फणफणायलाय, साब. ह्या सभेत न्हाई झालं तर सुट्टी लागंल. प्राचार्य गावाला जातील. मग पाणी कोण बदलणार?"

"बघतो," आप्पाराव म्हणाले. कपाटाच्या आतून मी ऐकत होते. ते बघतो म्हणाले की बघत नसत, हे मला ठाऊक होतं. बंडेप्पा रोज येई आणि रोज ते "बघतो" म्हणत. शेवटी सभेच्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, कंटाळून त्यांनी मला काढून दिलं. "डाग पाडू नको," एवढं वर सांगितलं.

बंडेप्पा मला खोलीवर घेऊन आला. तिथं रामकिशनची आई राजूबाई बसल्या होत्या. निरोप मिळताच त्या गावाहून निघून आल्या होत्या. आल्यापासून त्यांनी पाणी उकळूनच दिलं होतं. डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलाच्या कपाळावरून त्यांचा हात निघत नव्हता, जणू हात काढला तर ताप वाढेल.

बंडेप्पानं मला खुंटीला अडकवलं आणि तो तोंड धुवायला गेला. तेवढ्यात रामकिशनला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. त्याची वाकळ घामानं भिजली म्हणून धुऊन वाळत घातली होती. राजूबाईंनी चादर घातली, आपला पदर घातला, तरी तो कापतच होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खुंटीवरून मला ओढून त्याच्या अंगावर टाकलं.

मित्रांनो, कापड म्हणून माझा खरा जन्म त्या घटकेला झाला. रामकिशन माझ्या खाली हळूहळू शांत झाला. खांदे कुणाचे, घेर कुणाचा, याचा काही प्रश्नच आला नाही.

सभेची घंटा झाली. बंडेप्पा आत आला आणि दारातच थांबला.

"मावशी, ती शेरवानी..."

"ही व्हय? लेकरू कापायलं होतं, बाबा. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"ती घातल्याबगार मला बोलू द्यायची न्हाईत."

"कामून? तोंड तर तुझं तुझ्याजवळच हाय की."

बंडेप्पानं माझ्या बाहीकडे हात नेला. रामकिशननं झोपेतच मला मुठीत धरलं होतं. बंडेप्पानं हात मागे घेतला आणि तो तसाच, सदऱ्यावर, सभेला गेला.

सभेत काय झालं ते मी बघितलं नाही, पण थोड्या वेळानं व्हरांड्यात पावलं वाजली. पुढे आप्पाराव, मागे बंडेप्पा.

"शेरवानी पांघरूण म्हणून? डाग पाडू नको म्हटलं होतं मी."

"मग तुम्हीच काढा की, साब. मी न्हाई काढणार."

आप्पाराव दारातून आत आले नाहीत. तापाच्या खोलीत जायला ते घाबरत असावेत. ते परत गेले आणि गुंडेरावांना घेऊन आले. सदर उठले म्हणून सभाही उठली आणि मागोमाग आली. व्हरांडा मुलांनी भरला.

गुंडेराव आत आले. "मावशी," ते अदबीनं म्हणाले, "ही अंजुमनची वस्तू आहे. थोडा वेळ द्या. याचं बोलणं झालं की लगेच परत आणून देतो."

"घ्या की," राजूबाई म्हणाल्या. "तुमचीच हाय. फक्त तुम्ही काढून घ्या. माझा हात काही व्हईना."

गुंडेरावांनी वाकून माझी कॉलर धरली. त्यांची बोटं रामकिशनच्या गळ्याला लागली. बोटं तिथंच थांबली. मला ती बोटं चांगली आठवतात. आधी ती ताठ होती, मग ढिली पडली.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"ते तुमच्या अंजुमनलाच विचारा," राजूबाई म्हणाल्या. "हा बंडेप्पा रोज तिकडंच यायला होता म्हणं."

गुंडेरावांनी आप्पारावांकडे बघितलं. आप्पाराव दाराच्या चौकटीकडे बघू लागले. मग गुंडेरावांनी माझी कॉलर वर ओढली आणि रामकिशनच्या हनुवटीपर्यंत नीट सारली.

"बंडेप्पा, विहिरीचं काय ते सांग."

"असाच?"

"असाच."

बंडेप्पा व्हरांड्यात गेला आणि बोलला. थोडं मराठीत, थोडं कानडीत, मधे मधे उर्दूत. कठडा कुठं ढासळलाय, पाणी कसं परत जातं, कोण कोण आजारी पडलंय. कुणी हसलं नाही. मी आतून ऐकत होते. इतक्या वर्षांत माझ्या आत उभं राहून एवढं धड कुणीच बोललं नव्हतं, आणि हा माझ्याबाहेर उभा राहून बोलत होता.

ठराव झाला. आप्पारावांनी हळूच विचारलं, "कार्यवृत्तात काय लिहू? बोलणारा शेरवानीत नव्हता."

"लिही," गुंडेराव म्हणाले, "शेरवानी कामात होती."

विहीर बंद झाली. तळ्यावरून पाणी येऊ लागलं, कठडा बांधून झाला. रामकिशनचा ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. राजूबाई त्याला घेऊन गावी गेल्या तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत गेला.

इथं गोष्ट संपावी की नाही? पण सुट्टीनंतरच्या पहिल्याच सभेत आप्पारावांनी ठराव मांडला, की एक शेरवानी आजारपणात अडकू शकते, हे अनुभवास आलं आहे. सबब दुसरी सार्वजनिक शेरवानी शिवून घ्यावी. आणि हात वर होऊ लागले हो! मागच्या मुलांचेसुद्धा. मी परत कपाटात गेले होते; तिथंच कपाळ बडवून घेतलं असतं, कपाळ असतं तर.

तेव्हा बंडेप्पा उठला. सदऱ्यावरच. "मला कुणी बसा म्हणू नगा," तो म्हणाला. "दुसरी शिवा, तिसरी शिवा, सगळ्या कपाटातच जाणार. त्यापेक्षा नियमच काढा. ज्याला बोलायचंय तो जसा हाय तसा उठंल. आणि सभा हितं न्हाई, बोर्डिंगच्या व्हरांड्यात घ्या. त्या दिवशी सदरांनी, मोतमदांनी चंद्रम्मांच्या हातची भाकरी खायची आणि तिथलंच पाणी प्यायचं."

बराच वाद झाला. शिस्त जाईल, कॉलेजची शोभा जाईल, असं बरेच जण म्हणाले. शेवटी मतं घेतली आणि दोन-चार मतांच्या फरकानं नियम गेला. बोलणाऱ्याच्या डोक्यावर टोपी हवी, हा नियम मात्र राहिला. तो काढायला पुढच्या वर्षीची अंजुमन यावी लागली. सुधारणा करणाऱ्यांना एकदम सगळं सुधारलेलं सोसत नाही.

मला बोर्डिंगच्या एका खिळ्याला टांगलं. कुलूप नाही, किल्ली नाही. ज्याला थंडी वाजे तो मला घेई. आता माझं कापड विरलंय, काळा रंग जाऊन मातकट झालाय, अस्तर लोंबतंय.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं गेलंय, तेच नडलं. तुमच्या शाळेत, कॉलेजात मंडळ असेल, आणि त्याच्या एखाद्या सभेत एखादा मुलगा अडखळत उभा राहिला, तर त्याच्या बाह्यांकडे बघू नका. तो कापत असला तर मला आणून त्याच्या अंगावर टाका, आणि तो काय म्हणतोय ते ऐकून घ्या.