ओलं फडकं

"काम काय करता?" हातातल्या रिपोर्टवरची नजर न काढता परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं.

"ईटभट्टीवर हाय. गंगाखेडला, गोदागंगेच्या कडंला. भट्टी पेटवायची, जाळ राखायचा," वाल्मीक म्हणाला. "लगीन झाल्यापून तितंच. नऊ वरसं झाली."

"जळण काय घालता?"

"कोळसा, भुसा. जाळ धरंना गेला तर जुनी टायरं."

"मग धूर नाकातोंडात जात असेल."

"छ्या! मी वलं फडकं बांधतो की. घट्ट!" वाल्मीकनं हे अशा थाटात सांगितलं, की जणू सगळ्या भट्टीवर अक्कल काय ती त्यालाच.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "फडक्यानं राख अडते हो. बारीक विष अडत नाही, ते रक्तात उतरतं. तुमच्या बायकोचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. तुमच्यात बीज फार कमी आहे, आणि आहे तेही मलूल. धुरानंच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण धुरानं असं होतं. तीन महिने या गोळ्या घ्या, भट्टीपासून लांब राहा, मग परत तपासू."

"मग व्हईल का?"

"होईलच असं नाही. सुधारू शकतं."

बाहेर बाकड्यावर राजेश्री बसली होती. नऊ वर्षांत या बाईनं काय काय गिळलं नव्हतं? वैदूची कडू मुळी, पोखर्णीच्या नरसिंहाचे शनिवारचे उपास आणि वर सासूचे टोमणे. ती उठून उभी राहिली.

"काय म्हन्ले?"

"गोळ्या देल्यात."

"मलाच ना?" असं म्हणून तिनं पिशवी पुढं केलीसुद्धा. गोळ्या त्यानं आपल्याच खिशात ठेवल्या, आणि एसटीत गंगाखेड येईपर्यंत झोपेचं सोंग घेऊन पडला. माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हंगामातली पहिली भट्टी पेटवायची होती. तिथली रीत अशी, की विस्तव लेकुरवाळ्या बाईच्या चुलीतला आणायचा, आणि मूल नसलेल्या बाईची सावलीही भट्टीच्या तोंडावर पडू द्यायची नाही. नाहीतर म्हणे विटा कच्च्या निघतात. वाल्मीकची आई धुरपदाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. मालक व्यंकटराव घड्याळ बघत होते. राजेश्रीनं दरवर्षीसारखं नवऱ्याचं फडकं बादलीत बुडवून त्याच्या हातात दिलं आणि बादली उचलून चालू लागली. आज कुणी तिला 'जा' म्हणालंदेखील नव्हतं. विटांच्या थप्पीमागं जाऊन ती पाठमोरी उभी राहिली.

पेटता टेंभा वाल्मीकच्या हातात आला. त्याला त्या पाठीकडं बघवेना.

"माय, तिला बोलीव."

"येडा झाला का? मुहूर्ताला वांझ बाई..."

"वांझ मी हाय." तो आईकडं वळला. "काल डॉक्टरनं सांगितलं. तिच्यात काय बी खोट न्हाई. कमी माझ्यात हाय. नऊ वरसं ह्याच हातानं भट्टी पेटिवली, मालक. सांगा, कवा कच्च्या निघाल्या का ईटा?"

व्यंकटराव खाकरले. "आरं बाबा, ते ऱ्हाऊ दे. येळ चाललीय. पेटीव आधी."

"न्हाई मालक. डॉक्टर म्हन्ले, धुरात जाऊ नको. तुमी दुसरं कोनी बघा."

"आन् खाशीला काय?"

वाल्मीकनं टेंभा व्यंकटरावांच्या हातात दिला आणि तिथंच मातीत बसला. त्याला लाज वाटत होती. आणि थकल्यासारखं वाटत होतं, नऊ वर्षांचं एकदम.

धुरपदाबाई ताट घेऊन तशीच उभी होती. कुंकू कुणाला लावावं, तिला कळेना. शेवटी ती थप्पीमागं गेली.

"पोरी, मी लय बोलले तुला."

"बोललात खऱ्या, आत्याबाई," राजेश्री म्हणाली. तिनं कपाळ पुढं केलं नाही, मागंही घेतलं नाही. म्हातारीनं कुंकू लावलं. मग राजेश्री चालत आली ती थेट भट्टीच्या तोंडापाशी, जिथं तिनं नऊ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काल एसटीत का सांगितलं न्हाई?"

"भ्यालो."

तिनं त्याच्या हातातल्या फडक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आन् ह्या फडक्यानं काय बी अडत न्हवतं?"

"निस्ती राख अडत व्हती म्हन्ले."

"मी रोज दोनदा भिजवत व्हते."

पलीकडं दुसऱ्या कुणीतरी विस्तव घातला. भुशानं पेट घेतला आणि पहिला काळा लोट दोघांच्या अंगावरून गेला. वाल्मीकचा हात सवयीनं नाकाकडं गेला. राजेश्रीनं त्याच्या दुसऱ्या हातातलं फडकं काढून घेतलं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं, झटकलं आणि कच्च्या विटांच्या थप्पीवर वाळत घातलं.

"उठा," ती म्हणाली. "वारा हिकडंच यायलाय."